झोप झाली का?

डेपोच्या फाटकाला लागून एक खिडकी होती. खिडकी कसली, भिंतीला पाडलेलं भोकच म्हणा. गजांमधून एक हात जेमतेम आत जाई. आत लाकडी फळीवर ओळीने खुंट्या आणि प्रत्येक खुंटीला एका बसची किल्ली. पहाटे पावणेपाचपासून ड्रायव्हर रांगेने खिडकीशी येत, सही करत आणि किल्ली घेऊन जात. किल्ली देणारे गृहस्थ सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत बसले होते. त्यांचं नाव हजेरीबुकात असेल तेवढंच. सगळा डेपो त्यांना खिडकीकाका म्हणे, आणि घरी बायकोसुद्धा चिडली की "अहो खिडकी, ऐकू येतंय का?" असं विचारी.

किल्ली देण्याआधी काका प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. "झोप झाली का?"

नवख्याला वाटे, म्हातारा उगाच चौकशी करतोय. पण कुणी "नाही झाली" म्हणालं, की काका का ते विचारत नसत. किल्ली परत खुंटीला जाई. तो माणूस मागच्या खोलीतल्या बाकावर आडवा होई आणि तिथे जादा म्हणून बसलेला दुसरा ड्रायव्हर गाडी बाहेर काढी. झोपलेला उठला की दुपारची एखादी फेरी करून परतफेड करी. याची कागदावर कुठे नोंद नसे, आणि कुणाला तशी गरजही वाटली नव्हती.

हा प्रश्न काकांना कुणी शिकवला नव्हता. तो त्यांना एका शेताच्या बांधावर सापडला होता. तरुणपणी ते स्वतः बस चालवत. घरात तान्ही मुलगी, रात्रभर रडायची. एका सकाळी त्यांनी डोळे उघडले तर गाडी रस्ता सोडून बांधाला टेकलेली, आणि मागून एक बाई विचारत होती, "इथे उतरायचं का हो?" कुणाला काही कळलंच नव्हतं. काकांनी गाडी मागे घेतली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत नेली. डेपोत येऊन सांगायची मात्र त्यांची छाती झाली नाही. तेव्हाचे साहेब असे, की त्यांच्यासमोर खरं बोलणारा दुसऱ्या दिवशी गाड्या धुताना दिसे. काकांनी ही गोष्ट बायकोलाही सांगितली नाही. खिडकीची जागा रिकामी झाल्यावर ती मागून घेतली, इतकंच.

पुढे डेपोत नवे साहेब आले, वयाने काकांच्या मुलीएवढे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. गोष्टीत साहेब आला की त्याला शिंगं लावायची आपल्याला फार हौस असते. पण पहिल्याच महिन्यात दोन फेऱ्या रद्द झाल्या, प्रवाशांनी फाटकाशी गोंधळ घातला आणि वरच्यांनी साहेबांना फैलावर घेतलं. त्यांनी शोध घेतला तर ड्यूट्या तोंडी बदलल्या जात होत्या. दोघेतिघे बहाद्दर झोपेच्या नावाखाली बाकावर पत्ते कुटत होते, हेही खरंच. दुसऱ्या दिवशी खिडकीशेजारी नोटीस लागली. ड्यूटी नाकारणाऱ्याने कारण लेखी द्यावे. महिन्यात तीनदा नाकारल्यास कारवाई होईल.

आणि काय चमत्कार, अख्ख्या डेपोची झोप एका रात्रीत पूर्ण झाली!

"झोप झाली का?"

"झाली, काका."

डोळे तांबारलेले, जांभई दातांखाली दाबलेली, पण उत्तर ठरलेलं. फेऱ्या वेळेवर सुटू लागल्या. साहेब खूश होते. काकांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. एकदा ते साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलेही. साहेब खांद्याने फोन कानाशी दाबून काहीतरी लिहीत होते. काका दाराशी दोन मिनिटं उभे राहिले आणि आल्या पावली परत फिरले.

रांगेत एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे शिट्टी म्हणत. फाटकातून आत शिरतानाच त्याची शिट्टी सुरू व्हायची, आणि ती इतकी बेसूर असे की मेकॅनिक पाना घेऊन अंगावर धावून जात. त्याची आई इस्पितळात होती आणि रात्री तिच्याजवळ बसायला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. त्या महिन्यात त्याचं दोनदा लेखी कारण देऊन झालं होतं.

त्या गुरुवारी तो शिट्टी न वाजवता खिडकीशी आला.

"झोप झाली का?"

शिट्टीने नोटिशीकडे पाहिलं, मग काकांकडे. "झाली."

काकांनी किल्ली हातात धरली. त्यांना सगळं दिसत होतं. सुजलेल्या पापण्या दिसत होत्या, सही ओळीखाली घसरलेली दिसत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आटपा, गाडी लागायची आहे." काकांनी किल्ली गजांतून पुढे केली.

पावणेसात वाजता गाडी एका वळणावर सरळ गेली आणि भिंतीवर आदळली. प्रवासी थोडक्यात बचावले. कुणाचा हात मोडला, कुणाला टाके पडले. शिट्टीचा उजवा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी काकांना बोलावलं. टेबलावर एक कागद तयार होता. झोप पूर्ण झाल्याचे चालकाने स्वतः सांगितले होते, असं त्यात लिहिलेलं. खाली काकांच्या सहीची जागा. सही झाली की दोष शिट्टीच्या एकट्याच्या माथी आणि त्याची नोकरी गेलीच. काकांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते.

"तो तसं म्हणाला होता ना?" साहेबांनी विचारलं.

"म्हणाला होता."

"मग सही करा."

"ते खोटं आहे हे मला दिसत होतं, साहेब. दिसत असून मी किल्ली दिली. तेवढं यात लिहा, मग सही करतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चार महिन्यांसाठी कशाला ओढवून घेताय? तुमचीच चौकशी लागेल."

"लागू दे." काका म्हणाले. मग तीस वर्षं पोटात ठेवलेली बांधाची गोष्ट त्यांनी या पोरसवदा साहेबांना सांगितली. ती बाई, तिचा प्रश्न, सगळं. "तेव्हा मी बोललो नाही, कारण बोलायची सोय नव्हती. म्हणून त्या खिडकीत मी ती सोय केली होती. नोटीस लागली आणि ती गेली."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मग मला का नाही सांगितलंत? मी काय अंतर्ज्ञानी आहे?"

"दारापर्यंत आलो होतो. तुम्ही मान वर केली नाहीत, आणि मीही खाकरलो नाही."

साहेबांनी कागद खणात सरकवला. काका घरी आले आणि बूट न काढता पलंगावर बसले. बायकोने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी तिलाही बांधाची गोष्ट सांगितली. ती जवळ येऊन बसली. "पोरगी तेव्हा तीन महिन्यांची होती," ती म्हणाली. "मला निदान उठवायचं तरी." काका लहान मुलासारखे रडले.

सोमवारी पहाटे रांग लागली. काका खाली मान घालून सह्या घेत होते. गजांपाशी नवा हात आला, तेव्हा त्यांच्या तोंडून सवयीने प्रश्न गेला. "झोप झाली का?"

उत्तर येईना म्हणून त्यांनी वर पाहिलं. रांगेत ड्रायव्हरांच्या मधोमध साहेब उभे होते. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

"नाही, काका," साहेब म्हणाले. मागच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. "गुरुवारपासून डोळ्याला डोळा नाही. नोटीस माझी होती. वर पाठवलेल्या कागदात मी तसं लिहिलंय. तुमचंही लिहिलंय, तुम्ही म्हणालात तसंच."

त्यांनी हात वर करून नोटीस काढली, घडी घालून खिशात ठेवली आणि बाजूला सरकून भिंतीला टेकून उभे राहिले. मग एक पोक्त ड्रायव्हर पुढे आला.

"झोप झाली का?" काकांनी विचारलं.

त्याने आधी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नजर वळवली नाही.

"नाही झाली, काका."

काकांनी किल्ली परत खुंटीला लावली.

"बाकावर कोण जागं आहे?" साहेबांनी विचारलं आणि ते स्वतःच बघायला मागच्या खोलीकडे गेले.

पुढे शिट्टीची नोकरी राहिली. गाडी मात्र पुन्हा त्याच्या हाती आली नाही. काका दर रविवारी त्याच्याकडे जात आणि त्याच्या उशाशी बसत. माफी मागायचा प्रयत्न त्यांनी एकदाच केला. शिट्टीने त्यांना मध्येच थांबवलं आणि विचारलं, "काका, आता रांगेत कुणी 'नाही झाली' म्हणतं का?"

"म्हणतात," काका म्हणाले.