बाईंचं शेवाळ

कुणी कौतुक केलं की बाई चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "थांबा हो, अजून नक्की नाही." परळच्या आमच्या चाळीत त्या माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. थालीपीठ छान झालंय म्हटलं तरी हेच उत्तर. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, शाबासकी दिली की उलट अवघडून जाणारं.

त्यांच्या खिडकीत समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या असत. आत शेवाळ, पण इतकं बारीक की नुसतं हिरवट पाणी दिसायचं. "हे उन्हाच्या जोरावर काही विषारी रसायनांचे तुकडे करतं आणि तेच खाऊन वाढतं," असं त्या सांगायच्या. तळमजल्यावर दिनू ओढण्या रंगवायचा. त्याचं निळं सांडपाणी गटारातून थेट समुद्रात जायचं. बाईंनी ते शेवाळात घातलं आणि थोड्याच दिवसांत पाणी नितळ झालं.

सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला चाळीच्या मंडळानं बाईंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हातात माइक. "शेवाळानं विष खाल्लं," बाई म्हणाल्या. नेहमीचं वाक्य त्या एका संध्याकाळी विसरल्या. आनंदात माणूस विसरतोच. दिनूनं लगेच दारात शेवाळाचं पिंप मांडलं. सांडपाणी त्यात ओतायचं, आणि तळाशी बसलेला गाळ खुशाल गटारात. "बाईंचा शोध हा," असं गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

काही महिन्यांनी बाईंनी ते शेवाळ गाळून स्पिरिटमध्ये टाकून बघितलं. निळा रंग भसकन बाहेर आला. थोड्या रंगाचे खरंच तुकडे झाले होते, बाकीचा शेवाळाला नुसता चिकटून बसला होता. बाई कितीतरी दिवस जिन्यावर दिसल्या नाहीत.

पुढच्या पूजेला त्यांनी स्वतःच माइक मागून घेतला. "माझं चुकलं. विष गेलं नव्हतं, शेवाळात लपलं होतं. ही शाल परत घ्या."

चिटणीस गोंधळला. "बाई, शाल द्यायची पद्धत आहे. परत घ्यायची नाही."

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून आम्ही सगळ्यांनी वाजवल्या. बाई खाली उतरल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "अगं, टाळ्या कशाला?" त्यांनी मला विचारलं.

दिनू तर ऐकायलाच तयार नव्हता. "बाई, पाणी साफ दिसता मां? मगे कित्याक जीवाक लावन घेतास?"

शेवटी बाईच रोज सकाळी बादली घेऊन खाली जायला लागल्या. दिनूच्या पिंपातला गाळ फडक्यातून गाळायचा, गच्चीत वाळवायचा आणि ती भुकटी घरातल्या स्टीलच्या डब्यांत भरायची. कॉलेजनं ती विल्हेवाटीसाठी घ्यायला नकार दिला होता. त्यांच्या डाळ-तांदळाची रवानगी पिशव्यांत झाली. "भिजली की रंग सुटतो गं, म्हणून कोरडी ठेवायची," असं मला सांगायच्या. जिना चढताना धाप लागायची. बादली धरायला गेलं तर म्हणायच्या, "राहू दे. ही घाण माझी आहे." दिनूची गिऱ्हाइकं समोर आली की भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या, चोरी पकडल्यासारख्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. खोली आवरायला वसईहून त्यांचा भाचा आला. गुणी मुलगा. मी बाजारातून आले तर गॅलरीत घासूनपुसून लखलखीत केलेले डबे ओळीनं पालथे घातलेले.

"काकी, मावशीची आठवण म्हणून घरटी एकेक देतोय," तो म्हणाला. "आत कसलीशी कुबट पूड होती. सगळी मोरीत धुऊन काढली."

मोरी निळी झाली होती. पाइपातून निळी धार खाली गटारात पडत होती. सगळा मजला कठड्यापाशी जमला होता. तळमजल्यावर दिनू मान खाली घालून उभा होता. बाईंनी इतकं फोड करून सांगितलेलं, आणि आमच्यापैकी एकानंही त्या भाच्याच्या कानावर घातलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"घ्या ना, काकी."

मी डबा घेतला.