पालकांना सगळं, पोरांना काही नाही

नाट्यगृहाच्या दारात प्रत्येकाला नाटकाचं माहितीपत्रक मिळायचं. आमच्या शाळेच्या मुलांनाही मिळायचं, पण चारच पावलांपुरतं. चार पावलांवर इंदिरा अक्का खांद्यावरची कापडी पिशवी उघडून उभ्या असत. मुलं ओळीनं येत आणि न वाचलेला कागद पिशवीत टाकून आत जात. एकदा परदेशी मंडळींचा व्यवस्थापक गोंधळून त्यांना म्हणाला, "मॅडम, यात नाटकाचा अर्थ दिलाय." अक्का म्हणाल्या, "म्हणूनच काढून घेते. उद्या परत देईन. आज त्यांनी सुम्ने बघायचं."

सुम्ने हा कन्नड शब्द. उगीच, काही हेतू न धरता, गप्प. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत असे शब्द सहज येत. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आलेली, बसवनगुडीतल्या त्या शाळेत हिंदी शिकवायला लागलेली. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मी फोनवर आईजवळ प्रिन्सिपल मॅडमची यथेच्छ निंदा करत होते. इथे कोणाला मराठी कळतंय, असा माझा समज. मागून आवाज आला, "पुण्याची काय गं? स्वल्प हळू बोल. इथल्या भिंतींनाही मराठी येतं." वळून पाहिलं तर इरकली साडीतल्या, खडूनं हात पांढरे झालेल्या एक बाई वह्या तपासत होत्या. त्या दिवसापासून त्या माझ्या अक्का झाल्या. खरं तर साऱ्या शाळेच्याच. मुलंसुद्धा 'अक्का मिस' म्हणत.

अक्का शिकवायच्या गणित. गावात परदेशातलं कुठलंही नव्या पद्धतीचं नाटक आलं की नववीच्या मुलांना घेऊन जायचं, हे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं. नाटकाशी गणिताचा काय संबंध, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गणिताचं उत्तर पुस्तकाच्या मागे असतं. पोरांनी वर्षातनं दोनदा तरी असलं काही बघू दे, ज्याचं उत्तर मागे छापलेलं नाही."

मी त्यांच्याबरोबर पाहिलेलं पहिलं नाटक बर्फाचं. रंगमंचावर बर्फाची मोठी लादी आणि तीन माणसं. ती माणसं फडक्यांनी लादी कोरडी करायला बघत होती. एवढंच, तासभर. संवाद नाही, संगीत नाही. मुलं आधी खुसखुसली, मग चुळबुळली, दोघं चक्क झोपली. मीही मनातल्या मनात घरची भाजी चिरून फोडणीला टाकली. दुसऱ्या दिवशी अक्कांनी गणिताच्या तासातली दहा मिनिटं काढली. त्यांचा नियम असा, की आवडलं, नाही आवडलं हे बोलायचं नाही. "आवडलं-नावडलं साडीच्या दुकानात. इथे काय दिसलं ते सांग." मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "शेवटी शेवटी ते पुसत नव्हते मिस. नुसते धरून बसले होते." माझ्या डोळ्यांसमोरून ते गेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. अक्का 'ठीक' या अर्थाच्या कन्नड शब्दात एवढंच म्हणाल्या, "सरी. वह्या काढा."

पण त्या मुलांना असं सुम्ने बसवू शकत, त्यामागे दुसरा एक नियम होता. 'पालकांना सगळं, पोरांना काही नाही.' प्रत्येक नाटकाचं चित्रीकरण त्या आधी मागवून घेत, पूर्ण बघत आणि पालकांना इंग्रजीत संमतीचं पत्र लिहीत. असलं पत्र मी तोवर कुठल्याच शाळेत पाहिलं नव्हतं. बर्फाच्या वेळचं पत्र मला अजून पाठ आहे. "या नाटकात गोष्ट नाही. तीन माणसं तासभर बर्फ पुसतात. आपल्या पाल्याला कंटाळा येण्याची दाट शक्यता आहे. सोबत यावंसं वाटल्यास जरूर यावं." हे वाचून कोण पाठवेल, असं मला वाटलं होतं. पण जवळजवळ सगळ्यांनी पाठवलं, आणि चार-पाच पालक तर खरंच मुलांशेजारी येऊन बसले. उदाहरण सोडवताना मुलांनी एखादी पायरी सोडून एकदम उत्तर लिहिलं, की अक्का उत्तर बरोबर असलं तरी लाल रेघ ओढत. "पायरी गाळली की मार्क गेला," असं म्हणत. पत्रं त्यांनी त्याच हिशेबानं लिहिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे काही वर्षांनी अक्कांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि नेमकी त्याच आठवड्यात पत्र पाठवायची वेळ आली. मी त्यांच्या घरी गेले. काळा चष्मा लावून त्या खुर्चीत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "लिही." मी लिहून घेतलं. "या नाटकात एक बाई आपल्या मेलेल्या आईला आंघोळ घालते, पुसते, कपडे घालते. चाळीस मिनिटं. आईचं काम करणारी बाई खरोखरच म्हातारी आहे. तिची पाठ आणि खांदे उघडे दिसतात. ज्यांच्या घरी अलीकडे कोणी गेलं असेल त्यांनी विचार करून मुलाला पाठवावं, किंवा सोबत यावं."

घरी येऊन मी ते पत्र इंग्रजीत नीट लिहायला बसले आणि माझं धाबं दणाणलं. शाळेच्या कागदावर 'मेलेल्या आईला'? प्रिन्सिपल मॅडम सही तरी होऊ देतील का? एकही पालक पाठवील का? मला मुलांनी जावं असंच वाटत होतं, हे मी अजूनही स्वतःला सांगते. पण त्याहून खरं हे, की मला भीती वाटत होती, आणि आपण अक्कांपेक्षा शहाणे आहोत अशी थोडी घमेंडही होती. मी लिहिलं, "आई आणि मुलीच्या नात्यातले हळुवार क्षण टिपणारा जागतिक दर्जाचा नाट्यानुभव." सोबत येण्याचं वाक्य काढूनच टाकलं. हळुवार क्षणांना सोबत कशाला लागते? मॅडम पत्र वाचून खूश झाल्या. म्हणाल्या, या वेळी इंदिराबाईंना शहाणपण आलेलं दिसतंय.

कागद घेऊन मी सहीसाठी अक्कांकडे गेले. त्यांना अक्षर दिसत नव्हतं. मी बोट ठेवून जागा दाखवली. पेन टेकवण्याआधी त्यांनी विचारलं, "सगळं लिहिलंस ना गं?"

"हो अक्का," मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी आम्ही नाटकाला गेलो. अक्का काळ्या चष्म्यातच आल्या होत्या. बसमध्ये त्या काव्याशेजारी बसल्या. काव्या नववीतली, अबोल मुलगी. तिची आई सहा महिन्यांपूर्वी गेली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अक्कांनी तिला विचारलं, "पप्पा नाही आले?" ती नाही म्हणाली. अक्का माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "सरी. त्यांनी विचार करूनच पाठवलं असेल." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या वेळीही बोलता आलं असतं. बस सिग्नलला उभी होती, चांगली पाच मिनिटं.

रंगमंचावर ती बाई तांब्यानं पाणी घालत होती. म्हाताऱ्या आईचं डोकं तिनं आपल्या दंडावर घेतलं, तेव्हा काव्या उठून मधल्या वाटेत आली. अक्का तिच्यामागे गेल्या. त्यांनी तिला बाहेर नेण्यासाठी हात धरला, पण ती हलेना. मग दोघी पायरीवर बसल्या आणि शेवटपर्यंत तिथूनच बघत राहिल्या. काव्याचा आवाज आला नाही. तिचे खांदे हलत होते तेवढे दिसले.

ती मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. तोवर पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर 'शाळेत मुलांना प्रेतं दाखवतात' इथपर्यंत मजल गेली होती. मॅडमच्या खोलीत वडील, अक्का, मी आणि दोन विश्वस्त. वडिलांनी घडी घातलेलं पत्र टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "यात हे कुठे लिहिलंय?"

अक्कांनी कागद उचलला. काळा चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला आणि एकेक ओळ वाचली. त्यांना बराच वेळ लागला. त्या वेळात मी माझ्या बांगड्या मोजत होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी पुन्हा होती तशी घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "सही माझी आहे."

बस्स, एवढंच. मी तोंड उघडेन म्हणून त्या थांबल्या असतील का? थांबल्या होत्या, थोडं थांबल्या होत्या. मग त्यांनी काव्याच्या वडिलांपुढे हात जोडले.

पुढचं सगळं रीतसर झालं. अक्कांकडून लेखी माफी घेतली, नाटकं बंद केली, नववी-दहावीचं गणित काढून त्यांना पाचवीवर टाकलं. व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "अक्का, मी..." एवढं बोलले तोच त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब. बोलायचं ते तिथे बोलायचं होतंस." मग दोन पावलं जाऊन परत आल्या. "तू खोटं नाही गं लिहिलंस. कामाचं तेवढं गाळलंस. त्याला आम्ही चूकच म्हणतो." वर्ष संपल्यावर त्यांनी राजीनामा दिला.

शाळेनं मात्र त्यांचं सोनं केलं. बर्फाच्या नाटकानंतर परदेशी नटांबरोबर काढलेला मुलांचा फोटो अजून शाळेच्या माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर आहे. अक्का फोटोत कडेला होत्या, म्हणून त्या कापल्या गेल्या. पुढे शाळेच्या नावाला 'इंटरनॅशनल' हा शब्द लागला. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आला. मी दरवर्षी सिनेमाच्या गाण्यांवर नाच बसवते. पालक भरपूर येतात आणि फोनवर चित्रीकरण करतात. कोणाचीही तक्रार नसते.

मी अक्कांकडे नंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी उत्तम कॉफी दिली, माझ्या मुलाची चौकशी केली आणि त्या दिवसाचं अवाक्षर काढलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पाहुणीसारखी वागवली त्यांनी मला. तिसऱ्यांदा जायचं धैर्य झालं नाही.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. शाळेनं शोकसभा ठेवली आणि 'तुमची भाषा एक' म्हणून चार शब्द बोलायचं काम माझ्यावर आलं. मी अक्कांच्या नाट्यप्रेमाबद्दल बोलले. मुलांच्या संवेदना त्यांनी हळुवारपणे जपल्या, असंही बोलले. तो शब्द तोंडातून गेला आणि जीभ पोळली, पण पुढची वाक्यं पाठ होती.

सभा संपल्यावर एक तरुणी माझ्याजवळ आली. ओळख पटायला वेळ लागला. ती काव्या होती. आता कोरमंगलातल्या एका कंपनीत काम करते. ती बोलली ते इंग्रजीत, मध्ये मध्ये कन्नड.

"मिस, एक विचारू? त्या नाटकाचं पत्र कोणी लिहिलं होतं?"

मी विचारलं, असं का विचारतेस?

"माझ्या दादाच्या वेळची अक्का मिसची पत्रं घरी आहेत. ते पत्र तसं नाही. बर्फाच्या नाटकाला पप्पा स्वतः दादाबरोबर गेले होते. ते अजून म्हणतात, त्या बाई सगळं सांगायच्या, मग एवढी एकच गोष्ट का नाही सांगितली? सांगितलं असतं तर मी आलो असतो."

मग ती म्हणाली, "मम्मीला आंघोळ घातली तेव्हा मला शेजारच्या घरी पाठवलं होतं. मला ते कधी दिसलंच नव्हतं. त्या दिवशी दिसलं. मला बघायचंच होतं मिस, मी म्हणूनच बाहेर गेले नाही. फक्त पप्पा शेजारी हवे होते."

ती माझ्याकडे बघत होती. खोलीत विश्वस्त नव्हते, मॅडम नव्हत्या, नोकरी जाण्याची भीती नव्हती. अक्काही नव्हत्या.

"सही अक्कांची होती," मी म्हणाले.

"हो," काव्या म्हणाली. "पप्पापण तेच म्हणतात."

मी तिचा पत्ता मागून घेतला आहे. तिला हे सगळं लिहून पाठवायचं, असं त्याच दिवशी ठरवलं. आजवर तीनदा लिहिलं. दर वेळी पाकिटात घालण्याआधी वाचून बघते, तर काही ना काही गाळलेलं असतं आणि मी ते न गाळता लिहिलं असं मला वाटलेलं असतं. हे चौथ्यांदा लिहिलेलं आहे, आधी माझ्या मराठीत; तिच्यासाठी इंग्रजी मागून करीन. 'हो अक्का' हे दोन शब्द पहिल्या तिन्ही वेळा नव्हते.