समुद्रातल्या जागेचा पत्ता

"गुरुवार, २१ फेब्रुवारी २००८. गुडघा दुखत असल्याने सकाळची मिसा चुकली. न्याहारीच्या आधीच वीज गेली. शेवंतीने सुरमई आणून दिली. डेल्सीला परदेशातून उत्तर आले. ती जेवली नाही."

एवढे लिहून लूर्डसबाई फर्नांडिस यांनी पेनाला टोपण लावले. रोजनिशी त्या दिवसातून दोनदा उघडत, दुपारच्या जेवणानंतर आणि दिवेलागणीला. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी लावलेली ही सवय लग्नानंतर सुटली नाही, शाळेतल्या नोकरीत सुटली नाही, आणि नवरा प्लासिद गेला त्या दिवशीही सुटली नव्हती. आज मात्र पाचव्या वाक्यापुढे हात चालेना. बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी टेबलावर डोके ठेवून बसली होती.

डेल्सी बंगळूरच्या एका टेलिफोन कंपनीत इंजिनियर. बापाच्या वर्षाच्या चर्चमधल्या मिसेसाठी रजा काढून ती आचऱ्याच्या अलीकडच्या या वाडीत आली होती. येताना एक काम बरोबर घेऊन आली. माणसाने संकटात इंटरनेटवरून मदतीचा फोन लावला, तर तो कोणत्या केंद्राला जोडायचा, याचा एक नियम जगभरचे इंजिनियर मिळून लिहीत होते. फोन आपली जागा सांगणार, यंत्र ती जागा कुणाच्या हद्दीत येते ते बघणार आणि त्या हद्दीतल्या केंद्राला फोन देणार. मसुदा सगळ्यांपुढे ठेवला होता. ज्याला हरकत असेल त्याने ठरल्या दिवसापर्यंत लिहावे; नंतर तो छापला जाणार. जो गप्प राहील त्याची संमती धरली जाणार.

मसुद्यात एका ओळीवर डेल्सीचे बोट थांबले होते. जागा कुणाच्याच हद्दीत येत नसेल, तर यंत्राने "सापडले नाही" असे उत्तर द्यावे आणि गप्प बसावे.

ती ओळ तिने आईला वाचून दाखवली तेव्हा लूर्डसबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. कारण हेच उत्तर त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गणपतचा थोरला मुलगा प्रितम एकटाच होडी घेऊन गेला होता. शेजारी फोन नव्हता, म्हणून तो लागला लूर्डसबाईंच्या घरी. "बाईनू, होडयेत पाणी भरता. मदतीच्या नंबराक फोन केलंय. तो गाव विचारता, तालुको विचारता. मी म्हटलंय, दर्यात आसंय. तो म्हणता, दर्यो आमच्या हद्दीत नाय. बापाशीक धाडा." एवढेच. गणपत आणि वाडीतले होडीवाले शोधायला निघाले. गणपतला होडी मिळाली ती रिकामी, नांगराला बांधलेली. प्रितम मिळाला नाही.

डेल्सीने हरकत लिहिली. मसुद्याच्या संपादकाने सौम्य शब्दांत विचारले की किनाऱ्यापासून इतक्या आत मोबाइल लागतो तरी का, तसा एखादा खरा प्रसंग आहे का? असेल तर जागा द्या. मग डेल्सी गणपतकडे गेली. गणपतला अक्षांश-रेखांश ठाऊक नव्हते. दर्यावर्दी माणूस जागा सांगतो ती किनाऱ्यावरच्या खुणांनी. दोन खुणा एकामागे एक आल्या की एक रेघ, आणखी दोन आल्या की दुसरी. जिथे रेघा एकमेकींना कापतात, ती जागा. गणपतने खुणा सांगितल्या, डेल्सीने प्लासिदच्या जुन्या सरकारी नकाशावर रेघा ओढल्या, आकडे काढले आणि पाठवून दिले.

त्याचे उत्तर आज आले होते. "दिलेली जागा समुद्रात नाही. उपग्रहाच्या चित्रात तिथे खडकाचे बेट दिसते. बेट जिल्ह्याच्या हद्दीत येते, त्यामुळे यंत्र बरोबर उत्तर देईल. ही हरकत बंद करीत आहोत." मुदत आज संध्याकाळी संपत होती.

लूर्डसबाईंनी भिंग घेऊन नकाशा खिडकीशी धरला. घडीच्या बरोबर खाली, झिजलेल्या कागदात, तिळाएवढा काळा ठिपका होता.

"इतकी मी आंधळी कशी?" डेल्सी म्हणाली. "चित्र उघडून बघायला हवं होतं. पण या लाइनीवर चित्र उघडतं कुठे? आता मी दुसरा कुठलाही आकडा दिला तर ते म्हणतील, ही बाई हवी तशी जागा सरकवते."

लूर्डसबाई ठिपक्याकडे बघत राहिल्या. "खडपावर, असल्या खडकावर, नांगर पडत नाही," त्या म्हणाल्या. "होडी फुटते. डेल्सी, उठ. त्याने तुला खोटी खूण दिली."

"प्रितमच्या बाबतीत? गणपतकाका?"

"प्लासिद चेष्टा करायचा. म्हणायचा, हे लोक फादरपुढे सगळी पापं कबूल करतील, पण मासे मिळतात ती जागा नाही सांगणार."

गुडघ्याला हात लावीत त्या मुलीबरोबर शेजारी गेल्या. गणपत माडाच्या सावलीत जाळे शिवत होता. शेवंती, त्याची बायको, दगडावर पाटी धूत होती.

"बाईनू, गुडघो दुखता मा? मगे कित्या इलास? माका हाक मारायची," ती म्हणाली.

"गणपत," लूर्डसबाई म्हणाल्या, "खुणा परत सांग बघया."

"सांगलंय मा बायेक. क्रुसामागे वड. आणि देवळाचो कळस बर्फाच्या कारखान्याच्या टाकीवर."

"थंय खडप आसा, काका," डेल्सी म्हणाली.

"मगे तुझो नकाशो चुकीचो."

"नकाशो सरकारचो आसा."

"सरकार काय मासे पागूक येता?"

शेवंती हसली. लूर्डसबाई हसल्या नाहीत. "प्रितमाची होडी तुका खडपावर गावली काय रे?"

जाळ्यातली सुई थांबली.

डेल्सी त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. आजची सांज शेवटची, उद्या कागद छापणार, मग जगभर तसाच चालणार, हे तिने पुन्हा सांगितले. "काका, उद्या निकेत दर्यात आसतलो आणि त्याचो फोन असोच परत येतलो. मी हात जोडतंय."

निकेत म्हणजे धाकटा. त्याचे नाव निघताच गणपतने मान वर केली.

"बाये, ती जागा माझ्या बापाशीन माका दिल्यान. मी प्रितमाक दिलंय. आता निकेताक दितलंय. आमच्याकडे दुसरा काय आसा? तू ती कागदार घालतलंस. तो कागद कोण वाचतला?"

खोटे बोलणे सोपे होते, पण डेल्सी खरेच बोलली. "सगळे," ती म्हणाली. "कोणाकय वाचूक गावतला. कायमचो."

"मगे?" गणपत म्हणाला आणि सुई पुन्हा जाळ्यात घातली.

शेवंती पाटी धुवायची थांबली होती. ती काही तरी आठवत होती, आणि ते आठवायला नको असे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. लूर्डसबाईंना वाटले, हिला आता इथून उठवून न्यावे. पण उशीर झाला होता.

"अवो," शेवंती हळू म्हणाली. "प्रितम गेलो त्या दिवसा होडयेवाल्यांका तुमी खंयची खूण सांगलास?"

गणपतने जाळ्याचा धागा दातांनी तोडला.

"त्यातल्या आबाच्या होडयेक मशीन मोठा. तो तुमच्या आधी सुटलो. परत इलो आणि माका म्हणालो, वैनी, खडपाकडे सगळा बघलंय, काय नाय. मी दोन वर्सा मनात घोकतंय, खडपाकडे कित्या गेलो? माझो झील खडपाकडे कधी जाय नाय." तिने ओले हात पदराला पुसले. "टाकीची खूण सांगलास?"

"मी सवता जाय होतंय मा," गणपत म्हणाला. "माका वाटला, मी पोचतलंय. तोंडातसून तसाच गेला, गो. सवय."

वाटेवरून एक सायकल गेली. शेवंती रडेल, ओरडेल, पाटी फेकेल असे लूर्डसबाईंना वाटले. तिने यातले काही केले नाही. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आता सांगा. मोठ्यान सांगा. वाटेवरच्यांकय आयकाक जाऊंदे."

गणपत उठला. समुद्राकडे तोंड करून, शाळेतल्या पोराने पाढा म्हणावा तसा म्हणाला, "क्रुसामागे वड. देवळाचो कळस डोंगराच्या खाचीत." पुन्हा एकदा म्हणाला. मग खाली बसला आणि जाळे तोंडावर ओढून घेतले.

डेल्सी धावत घरी गेली. लूर्डसबाई मागून पोचल्या तेव्हा तिने पट्टी लावली होती, पण घाईत ती सरकत होती आणि रेघ सरळ येईना. "दे इकडे," म्हणून लूर्डसबाईंनी पट्टी घट्ट दाबून धरली. रेघा कापल्या त्या खडपाच्या पलीकडे, कोऱ्या निळ्या कागदावर. वीज अजून आली नव्हती. लॅपटॉपची बॅटरी लाल दाखवीत होती. टेलिफोनच्या वायरीवर मोडेम कर्कश ओरडला, तुटला, पुन्हा ओरडला. डेल्सीने लिहिले की पहिली खूण चुकीची होती. ती का चुकली, तेही लिहिले: आमच्याकडे मासेमारीची जागा परक्याला खरी सांगत नाहीत, बापही सांगत नाही. या जागेवरून फोन लागला होता आणि तो ज्या घरात आला त्या घरातूनच मी लिहीत आहे.

"फोन मी घेतला, हेही लिही. माझं नाव घाल," लूर्डसबाई म्हणाल्या.

पत्र गेले. तिकडे तेव्हा सकाळ असावी, कारण बॅटरी संपायच्या आत उत्तर आले. डेल्सीने ते मोठ्याने वाचले. "जागा तपासली, ती समुद्रात आहे. हरकत पुन्हा उघडली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत मसुदा छापणार नाही. 'सापडले नाही' ऐवजी जवळच्या केंद्राला फोन द्यावा असे वाक्य सुचवाल का?" आणि शेवटी, "तुमच्या शेजाऱ्यांचे आभार माना."

पडदा काळा झाला. दोन आठवडे डेल्सी या उत्तरासाठी तळमळत होती. आता ते आले, तर शेजारी जाऊन ते सांगायचे कोणत्या तोंडाने, हे तिला कळेना.

"मी जाऊ, मम्मी?"

"नको."

स्वयंपाकघरात काही तरी हलले. लूर्डसबाई आत गेल्या. मागच्या दाराने शेवंती आली होती आणि थंड चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या दारात दिवा नव्हता. काळोखात माडाखाली गणपत होता तिथेच होता.

"कागद थांबवल्यानी," लूर्डसबाई म्हणाल्या. "तुझ्या निकेताचो फोन लागतलो, शेवंती. निदान लागाचो."

शेवंतीने मान हलवली. "बाईनू, आज माका हडेच ऱ्हवांदे."

लूर्डसबाईंनी चटई काढून दिली, कंदील लावला आणि रोजनिशी उघडली. दुपारच्या पाच वाक्यांखाली बरेच काही लिहायचे होते. त्यांनी लिहिले ते एवढेच:

"शेवंती आज आमच्याकडे निजली. सुरमई कोणी शिजवली नाही. मीठ लावून मडक्यात ठेवली."