नखावरची ऊ

माझ्या सासरी सोमवार सोडला तर रोज नुस्तं, म्हणजे मासळी, शिजतं. मी ती खात नाही, अंडं खात नाही, दूध-दही-मधसुद्धा नाही. चहात नारळाचा रस घालते. सासूबाई मला 'बारमाही धोंड' म्हणतात. शिरगावच्या जत्रेसाठी मासळी सोडून व्रत धरणारे धोंड निदान जत्रा झाली की सुटतात, ही सुटायचं नावच घेत नाही, असं त्या शेजारणींना माझ्यादेखत सांगतात. मला त्याचं काही वाटत नसे. कारण जेवताना माझ्या ताटाला ताट लावून माझी आठ वर्षांची लेक बसायची. अख्ख्या घरात माझ्या बाजूची ती एकटी, आणि तिला तशी मीच वाढवली होती. मुंगीलासुद्धा घर असतं, असं सांगत सांगत.

मग ती शाळेतून उवा घेऊन आली.

सुरुवातीला आम्ही दोघींनी फार सभ्यपणे निभावलं. मी फणी फिरवायची, उवा ओल्या कागदावर पाडायची, आणि ती तो कागद परसातल्या केळीखाली नेऊन झटकायची. वर 'टाटा' करायची. डोक्यावरून उतरलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते, हे मला ठाऊक होतं. पण ते मरण केळीखाली होतं, माझ्या डोळ्यांआड. तेवढ्यावर माझं भागत होतं.

लेकीचं भागत नव्हतं. खाजवून खाजवून टाळूवर जखमा झाल्या, मानेवर गाठी आल्या, बाईंनी वर्गात तिला वेगळं बसवलं. एक दिवस सासूबाईंनी तिचे केस वर उचलून मला पोरीचं डोकं दाखवलं.

"अगो, तकली पळय चेडवाची. पू जाला. तुज्या पुण्याखातीर हिणें रगत दिवपाचें?"

माझ्या पुण्यासाठी लेक रक्त देत होती हे खरंच होतं, म्हणून मला त्यांचा जास्तच राग आला. डिचोलीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. उवांचं औषध उघड्या जखमांवर लावायचं नाही, तोवर हातानेच काढा म्हणाले. लेकीने त्यांना केळीची गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली होती. "आणि सोडून-बिडून देऊ नका. मारा," ते मला म्हणाले.

'टाळता येत नाही' हे शब्द मी आयुष्यात कितीदा समजूतदार चेहऱ्याने बोलले आहे. भाताच्या नांगरणीत किती जीव मरतात, मला माहीत आहे. माझ्या चहातल्या रसासाठी माडाच्या शेंड्यातला भुंगा तारेने ओढून काढतात, तेही मी अंगणात उभी राहून पाहिलं आहे. वाईट वाटून घ्यायचं आणि चहा प्यायचा, हे मला छान जमत होतं.

दुपारी सोप्यावर बसले, लेकीला गुडघ्यांमध्ये धरलं. पहिली ऊ निसटली. दुसरी अंगठ्याच्या नखावर घेतली आणि दुसऱ्या नखाने दाबली. टच्. लेक दचकली. नखावर लाल ठिपका उमटला. रक्त तिचंच. मला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. आधी राग आला, आणि रागामागोमाग मजा. हो, मजा. एखादी गलेलठ्ठ सापडली की मी "ही बघ!" म्हणत होते.

"आई, हिच्या पोटात पिल्लं असतील?"

"असतील. ह्या लिखा चिकटल्यात ना, त्या तीच. त्यापण मारायच्यात."

"लहान आहेत त्या."

"म्हणूनच. मान खाली घाल."

ती रडू लागली. रडताना डोकं हलत होतं म्हणून मी तिची मान घट्ट धरली आणि दम दिला. थांबले मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी जेवायला बांगडे तळले होते. लेकीने माझ्या शेजारचं आपलं ताट उचललं आणि आजीजवळ जाऊन बसली.

"आजी, मला बांगडा."

मी चिडून म्हटलं, "उवा तुला खात होत्या. बांगड्याने तुझं काय केलंय?"

मी सांगितलेला फरक बरोबर होता. आजही मी तो तसाच सांगेन. ती ताटाकडे बघत म्हणाली, "तू मारताना हसत होतीस."

सासूबाईंनी टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी गुपचूप बांगडा वाढला. लेकीने जन्मात मासा खाल्लेला नव्हता. काट्यांसकट मोठा तुकडा तोडून ती तोंडात घालायला निघाली. सासूबाईंना बारीक काटे दिसत नाहीत.

मी उठून तिच्यापाशी गेले, ताट माझ्याकडे ओढलं, आणि बांगडा उघडून एकेक काटा काढत तिला भरवू लागले. तिला आवडला. तिने आणखी मागितला.