न विचारता घेतलेले मासे

विचारल्याशिवाय दुसऱ्याचं काहीही न घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि मी चोरी केली ती नेमकी त्याच्याकडे. ब्रह्मपुरीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते सातवीला शिकवायचे, मी सहावीला शिकवायचो. मोबाईलवर कुणी फुलासह सुप्रभात पाठवलं की हे सर उलट विचारायचे, हा फोटो काढला कोणी? वडशाला नाटक बघायला गेले आणि माइकवर लेखकाचं नाव घ्यायचं राहिलं, तर उठून थेट रंगमंचाकडे जायचे आणि नाव घ्यायला लावूनच परत खुर्चीवर बसायचे. त्यांच्या वर्गातल्या मुलांना इंटरनेटवरचं चित्र प्रकल्पात हवं असेल, तर आधी चित्र काढणाऱ्याला पत्र लिहावं लागे. उत्तर आलं नाही तर चित्र स्वतः काढायचं. त्यामुळे वर्गात भिंतभर वाकडेतिकडे वाघ. एकदा केंद्रप्रमुखांनी त्यातल्या एका वाघाला कुत्रा म्हटलं, तेव्हा सर गंभीरपणे म्हणाले, "कुत्र्यावानी दिसते खरा, पन पोराचा सोताचा हाये."

या सरांनी गावच्या तलावातल्या माशांवर एक लेख लिहून शाळेच्या ब्लॉगवर टाकला होता. माझी माजरीकडे बदली झाली, आणि पुढे शिक्षकांच्या एका मासिकानं माझ्याकडे लेख मागितला. मला काही सुचेना. मी तोच लेख उचलला, चार वाक्यं फिरवली आणि खाली माझं नाव घातलं. लेख छापून आला. लोकांनी कौतुक केलं, मी ते मुकाट्यानं घेतलं.

दोन वर्षांनी टपालानं एक पत्र आलं. सरांच्या वर्गातल्या एका मुलीचं. शाळेत आलेल्या मासिकात तिनं तो लेख वाचला होता. तुमच्या लेखातली माशांची नावं मला प्रकल्पात घ्यायची आहेत, कृपया परवानगी द्यावी, असं तिनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. पाकिटावरचा पत्ता सरांच्या हातचा होता.

त्या रविवारी मी एसटीनं त्यांच्या घरी गेलो. अंगणात बसून सगळं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत, असंही विचारलं.

"तुमी आज ना उद्या इचारसान म्हनून वाट पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले. "माहं नाव काढलं त्याचं काई नाई, सर. पन त्या बाईचं काऊन काढलं?"

मूळ लेखाच्या शेवटी एक ओळ होती. ही सगळी नावं तलावावर मासे धरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितली, असं लिहून त्यांचं पूर्ण नाव दिलं होतं. पान भरलं म्हणून मी ती ओळ खोडली होती. ते नाव द्यायला सर बाईंच्या घरी जाऊन विचारून आले होते, हे मला तेव्हा कळलं. बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या, हेही.

मी मुलीला खरं काय ते लिहिलं. मासिकाला सरांचं आणि बाईंचं नाव घालून माफीनामा पाठवला. तो एका कोपऱ्यात बारीक टायपात आला. चार दिवसांनी सरांचा फोन.

"तुमचा माफीनामा वर्गात लावाव म्हन्तो, पोराईले दाखवाले. तुमची परवानगी पाह्यजे."

पलीकडे ते फोन धरून थांबले. वाट पाहण्याची त्यांना सवय होतीच.