टांगलेलं लोखंड

ट्रोंडुर वर्गात येऊन बसला तेव्हा पन्नाशी गाठत होता. क्लाक्सविक बंदरातल्या मासेमारी जहाजांवर तो डेकचा मुकादम. वारा घोंगावत असतानाही त्याचा आवाज ऐकू यायचा. पण मुकादमांनाही दाखला हवा असा नियम निघाला, आणि दाखल्याला पदार्थविज्ञानाचा पेपर होता. मी त्याच्याच जहाजावरचा, म्हणून बाकावरही त्याच्याच शेजारी.

शिकवायला मार्युन होती. तिशीची, कपाळावर कायम आठी. पहिल्याच तासाला दोघांचं बिनसलं.

"वजन म्हणजे काय?" तिने विचारलं.

"जे तुझ्या बोलण्याला नाही ते," ट्रोंडुर म्हणाला.

वर्ग खिदळला. ती हसली नाही. "पुन्हा असं बोललात तर बाहेर."

"बाहेरच बरा होतो पोरी. तुम्ही लोकांनीच आत कोंडलंय."

मग रोज तेच. ती फळ्यावर लिहायची, हा मागून टोमणे मारायचा. ती त्याची उत्तरं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि 'चूक' हा शब्द चावून म्हणायची. मला दोघांचाही राग यायचा.

जडत्वाचा धडा आला तेव्हा ट्रोंडुर उसळला. "टांगलेल्या वस्तूला वजनच उरत नाही. सगळा भार दोरावर. माझ्या मेहुण्याला मी हेच सांगितलं होतं. भित्र्याने कच खाल्ली आणि कंबर मोडून घेतली."

ही गोष्ट सगळ्या बंदराला माहीत होती. जाळ्याचं तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी दारं असतात, टनभर वजनाची. त्यातलं एक दोराला टांगलेलं असताना झुलायला लागलं. ट्रोंडुर ओरडला, "हात लाव, थांबव!" त्याच्या बहिणीचा नवरा बिर्गिर पुढे झाला. दाराने त्याला कठड्यावर चिरडलं. तेव्हापासून तो काठी घेऊन चालतो, आणि बहीण भावाचं तोंड पाहत नाही.

मार्युनने खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "उद्या सगळे कार्यशाळेत या."

तिथे तिने साखळीला भलामोठा नांगर टांगला होता. जमिनीपासून वीतभर वर, भिंतीच्या जवळ.

"याचं वजन कोण झेलतंय?"

"साखळी. पोराटोरांचे खेळ," ट्रोंडुर म्हणाला.

"मग ढकला."

त्याने एका हाताने ढकललं. नांगर जेमतेम हलला.

"का हो? वजन तर साखळीवर आहे ना?"

तो चिडला, खांदा लावून रेटत राहिला. नांगर हळूहळू झुलायला लागला, मग चांगलाच. मार्युनने पायाने माशांचा एक लाकडी खोका भिंतीशी सरकवला. नांगर शांतपणे आला. खोक्याच्या फळ्या काडकाड मोडल्या.

"पृथ्वी खाली ओढते, ते गुरुत्वाकर्षण," ती म्हणाली. "ती ओढ साखळीने झेलली. पण थांबलेलं हलायला तयार नसतं आणि चालू झालेलं थांबायला तयार नसतं, ते जडत्व. ते लोखंडाच्या अंगातच असतं. चंद्रावर न्या, ओढ कमी होईल, जडत्व मात्र आहे तेवढंच राहील. कुठल्याही साखळीला ते काढून घेता येत नाही."

आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "तुमचा मेहुणा भित्रा नव्हता. कुणालाच थांबवता आलं नसतं."

ट्रोंडुर मोडक्या फळ्यांकडे बघत राहिला. मग तो तिच्या अंगावर धावून गेल्यासारखा गेला. "हे सांगायला कुणी बोलावलं होतं तुला?" टोपी उचलून तो तडक निघाला. मी मागे गेलो.

तो थेट बहिणीच्या घरी गेला. दार बिर्गिरनेच उघडलं.

"चूक माझी होती. ते थांबणारंच नव्हतं. मी तुला त्याच्यासमोर उभं केलं," ट्रोंडुर म्हणाला.

बिर्गिर काठीवर रेलला. "ते मला तेव्हाच कळलं होतं, हाडं मोडताना. तुला आता शाळेत जाऊन कळलं होय?"

आणि त्याने दार लावलं. आतून बहिणीचा आवाज आला, "कोण होतं?" "कुणी नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ट्रोंडुर वर्गात आला. मार्युनसमोर उभा राहून म्हणाला, "झालं समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "बसा. परीक्षा जवळ आली आहे."

तो पास झाला. दाखला घ्यायला गेला तेव्हा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिनेही मान वर केली नाही.