नोटेड, सर

दिवाकर मोघ्यांच्या हातातला फोन पाहून भिलाईत लोकांना त्यांची दया यायची. बटनांचा फोन! असला फोन भाजीच्या ठेल्यावर दिसतो, नाहीतर गावाकडच्या म्हातारीच्या कमरेला. हा चांगला स्मार्टफोन आहे, मेल, व्हॉट्सॲप सगळं चालतं, फक्त खालच्या भागात काचेऐवजी खरीखुरी बटनं आहेत, असं मोघे सुरुवातीला सगळ्यांना समजावून सांगत. मग कंटाळले. हे फोन निघायचे बंद होणार असं कानावर येताच त्यांनी रायपूरच्या एका दुकानातून आणखी दोन उचलले आणि दुर्गला मोहन नगरातल्या घरी, कपाटाच्या दागिने ठेवायच्या कप्प्यात नेऊन ठेवले. बायकोचे, म्हणजे कमलाताईंचे, दागिने त्या दिवसापासून तांदळाच्या डब्यात आहेत.

पण बटनांवाचून मोघ्यांचं चालणारच नव्हतं. ते भिलाईतल्या एका खासगी कारखान्यात डायरेक्टर बक्षीसाहेबांचे पीए. रोज सकाळी साडेनऊला मीटिंग, आणि मीटिंगचे मिनिट्स काढायचे, म्हणजे कोण काय बोललं, काय ठरलं ते टिपून घ्यायचं, हे काम मोघ्यांचं. तरुणपणी दुर्गच्या टायपिंग क्लासात मास्तर हातांवर रुमाल टाकून टाइप करायला लावत. दहा बोटांची ती सवय पुढे दोन अंगठ्यांत उतरली. फोन टेबलाखाली मांडीवर, अंगठे बटनांवर आणि डोळे थेट साहेबांच्या चेहऱ्यावर. पापणीसुद्धा लवायची नाही.

बाकी बावीस जणांचे फोन काचेचे. काचेवर काही टिपायचं म्हणजे मान खाली घालणं आलं, आणि खाली गेलेली मान दिसली की साहेब भडकायचे. "सब गर्दन झुकाए बैठे हैं! एक मोघेजी को देखो. सुनना किसे कहते हैं, इनसे सीखो." बावीस माना वर यायच्या आणि मोघ्यांकडे जळफळून बघायच्या. मोघ्यांचे अंगठे तेवढ्यात साहेबांचं हे वाक्यही टिपून मोकळे झालेले असत.

आता खरं सांगायचं तर मोघे काहीही ऐकत नसत. शब्द कानातून येत आणि अंगठ्यांतून निघून जात, मध्ये डोक्याला तसदी नव्हती. बक्षीसाहेब एकच गोष्ट तीन-तीनदा बोलत, त्यात ऐकायचं तरी काय? मोघ्यांचं डोकं तेवढा वेळ मोहन नगरात असे. टाकीचा गळका नळ, संध्याकाळची भाजी, कमलाताईंचा गुडघा. मीटिंग संपली की टिपण सगळ्यांना एकदम रवाना व्हायचं आणि दोन मिनिटांत बावीस उत्तरं यायची, 'नोटेड, सर.' वाचायचं पाप कोणी केलं नाही. तेविसावी प्रत मोघ्यांनाही यायची. शिस्तीचा माणूस! तेही उत्तर देत, 'नोटेड, सर.'

अशी अकरा वर्षं गेली. येत्या मार्चअखेर मोघ्यांना अठ्ठावन्न पूर्ण होत होती, म्हणजे निवृत्ती. आजवरच्या रीतीप्रमाणे कामाच्या माणसाला एकेक वर्षाचं एक्सटेन्शन मिळे, आणि आपलं तर खिशातच आहे असं ते गल्लीभर सांगून बसले होते. घरी बसायचा विचारही त्यांना सहन होत नसे.

"घरी मले डिक्टेशन कोण देईल?" ते कमलाताईंना म्हणाले.

"मी देऊन राहिली ना तीस वर्षांपासून," कमलाताई म्हणाल्या. "तुम्ही आयकता कुठं?"

फेब्रुवारीत एक दिवस मोघे रेकॉर्डच्या खोलीत गेले. तिथे मिनिट्सचे कागद फायलीला लावणारे पंजाबराव बसत. नागपूरकडचे, वडील इथल्याच भिलाई-३ भागात रेल्वेत होते.

"पंजाबराव, एक्सटेन्शनचा फॉर्म द्या बरं."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? मले पाहिजे."

पंजाबरावांनी चष्मा काढला. "मजाक करून राहिले का, मोघेसाहेब?"

मग त्यांनी फाइल उघडून पुढे सरकवली. चौदा नोव्हेंबर. मुद्दा सात : अठ्ठावन्न पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यास यापुढे मुदतवाढ नाही. सुरुवात श्री. दिवाकर मोघे यांच्यापासून. कार्यमुक्तीचे पत्र तयार करणे : मोघे. खाली तेवीस 'नोटेड, सर.' तेविसावं त्यांचं स्वतःचं.

"मले वाटलं, तुमाले मालूमच हाय. तुम्हीच तं लिहिलं," पंजाबराव हळू आवाजात म्हणाले. "त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सारेच म्हणून राहिले होते, मोघेसाहेबाची छाती पाहा. सोताचं नाव टाइप केलं, तरी चेहरा हलला नाही."

मोघ्यांनी फोन काढून चौदा नोव्हेंबर शोधला. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं, कमलाताईंना मेसेज : 'मेथी नको. पालक घे.' मुद्दा सहा आणि मुद्दा सातच्या मधला असावा. त्यांना पंजाबरावांसमोर रडू येईल असं वाटलं, म्हणून ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

त्यांना पाहून बक्षीसाहेब खुर्चीतून उठले. असे ते फक्त बँकेच्या माणसासाठी उठत.

"सर, वो मुद्दा सात..."

"कुछ मत कहिए, मोघेजी." साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. "उस दिन मेरी ज़बान काँप रही थी. और आप सीधे मेरी आँखों में देखते रहे. माथे पर एक शिकन नहीं. घर जाकर मैंने मिसेज़ को बताया, ऐसा आदमी मैंने ज़िंदगी में नहीं देखा." साहेबांनी हात सोडून चष्मा पुसला. "सच कहूँ? आप एक बार नज़र झुका लेते, तो मैं वहीं सातवाँ मुद्दा काट देता. काटना तो आज भी मेरे हाथ में है. बोलिए, उस दिन आपके मन में क्या था?"

पालक होता. एवढंच सांगायचं होतं. सर, मी ऐकलंच नव्हतं. एवढं एक वाक्य, की वर्षभराची खुर्ची पदरात. पण त्याच वाक्यासरशी अकरा वर्षांचे ते मोघेजी गेले असते, ज्यांच्याकडे पाहून बावीस जणांनी ऐकायला शिकायचं होतं. साहेब वाट पाहत होते. मोघ्यांचे डोळे सवयीने साहेबांच्या चेहऱ्यावर खिळलेले होते आणि मागे घेतलेल्या हातांचे दोन्ही अंगठे आपोआप हलत होते.

"नोटेड, सर," मोघे म्हणाले.

मग ते जागेवर आले, फोन मांडीऐवजी टेबलावर ठेवला आणि त्यावरच स्वतःच्या कार्यमुक्तीचं पत्र टाइप करायला बसले. या वेळी बटनांकडे बघून, एकेक अक्षर वाचत. चार ओळींच्या पत्राला त्यांना पाऊण तास लागला.